हबला धरून बसलेलं चाक

"काका, पाय काढा तिथून. आधी पाय काढा."

सोसायटीच्या गेटातून आत शिरतानाच मी ओरडलो. खैरनार काका फरशीवर बसले होते आणि जॅकवर चढवलेल्या गाडीच्या चाकाला टाचेने लाथा मारत होते. मागच्या चाकाला साधी वीटसुद्धा लावलेली नाही. गाडी जॅकवरून घसरली असती तर पाय गेलाच होता. पंचवटीत माझं गॅरेज आहे, आणि असलं काही पाहिलं की माझी जीभ ताब्यात राहत नाही. समोर वडीलधारं माणूस आहे हे नंतर आठवतं.

"नट तर सगळे निघाले, पण चाक काही निघेना," काका म्हणाले. "काय शे यामा?" काका सटाण्याकडचे. वैतागले की अहिराणीवर येतात, 'आहे'चं 'शे' होतं.

काकांनी आयुष्यभर बस चालवली. पण बसचं चाक काढायला डेपोत वेगळी माणसं असायची. पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून मधूनमधून ते मागे टाकायचे आणि मागचे पुढे, हे त्यांना ठाऊक होतं. ते आजच करायचं का सुचलं, हे काकूंनी मला फोनवर सांगितलं होतं. मुलगा नितीन सकाळीच पुण्याहून बसने आला होता, आणि जाताना गाडी घेऊन जाणार होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी काकांनी एकदा गेटला गाडी घासली होती. तेव्हापासून 'बाबा, आता रिक्षाने फिरा' हे त्याचं पालुपद. काकांना त्याला दाखवायचं होतं की आपल्याला अजून सगळं जमतं.

नितीन हाताची घडी घालून उभा होता. "बघताय ना दत्ताभाऊ? म्हणूनच म्हणतो मी."

मी मागच्या चाकाला वीट लावली आणि खाली बसून पाहिलं. चाक ज्या लोखंडी भागावर बसतं, त्याला हब म्हणतात. दोघांच्या मधल्या फटीत पाणी राहिलं की गंज धरतो आणि चाक हबला चिकटून बसतं. मग नट काढले तरी ते हलत नाही.

"गाडी धुता किती वेळा?"

"रोज. पाइप लावून."

"आणि चालवता?"

"चालवू देतंय कोण?" काकू मागून म्हणाल्या.

झालं, कारण सापडलं. गाडी चालली की ब्रेक तापतात, आतलं पाणी सुकतं. उभ्या गाडीत ते तसंच राहतं.

मी नट परत लावायला घेतले. काका चिडले. "अरे दत्तू, आपल्याला काढायचंय ना?"

"काढायचंय म्हणूनच लावतोय."

नट हाताने टेकेपर्यंत लावायचे आणि थोडे सैल सोडायचे. गाडी जॅकवरून खाली घ्यायची, वीट काढायची. मग अगदी हळू, जेमतेम चार-पाच फूट पुढे न्यायची, ब्रेक मारायचा, तशीच मागे आणायची. गाडीच्याच वजनाने चाक सुटतं. नट असल्यामुळे निखळून पडत नाही. जोरात नेली तर मात्र नटाचे आटे खराब होतात.

मला चाकाजवळ उभं राहून आवाज ऐकायचा होता. नितीन म्हणाला, "मी बसतो." त्याला ऑटोमॅटिकची सवय. क्लच सुटला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गाडी भिंतीकडे उसळली तेव्हा मी बोनेटवर थाप मारून थांबवलं.

"ऊठ," काका म्हणाले.

काका बसले. आरसा नीट केला. गाडी इतकी सावकाश सुटली की चाक फिरतंय की नाही ते बघायला मला वाकावं लागलं. ब्रेक. मागे. ब्रेक. पुन्हा पुढे. खट्कन आवाज आला आणि चाक सुटलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

गाडी पुन्हा जॅकवर घेतली. हबचा गंज तारेच्या ब्रशने घासला, मध्यावर बोटभर ग्रीस लावलं. उरलेली तीन चाकं निमूटपणे निघाली. पुढचे टायर मागे गेले, मागचे पुढे आले.

हात धुताना नितीन जवळ आला. हळूच म्हणाला, "दत्ताभाऊ, खरं सांगा. बाबांना गाडी ठेवू द्यावी?"

मी म्हटलं, "डोळ्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिलीय का?"

"दिलीय. मलाच भीती वाटते हो. रोज रात्री वाटते."

"मग चालवू दे. चाक मात्र काढू देऊ नकोस. त्याला मी आहे."

संध्याकाळी काकूंचा फोन आला. नितीन पुण्याला बसनेच निघाला होता. त्याला स्टँडवर सोडायला काका गाडी घेऊन गेले होते, आणि निघताना पट्टा लावला नाही म्हणून पोराला रागावले होते.

चाक अडकलं तर लाथा मारू नका. नट परत लावा आणि हळू चालवता येणाऱ्या माणसाला गाडीत बसवा.