गोजराबाईच्या खोल्यांना खिडक्या

कारंज्याच्या वेशीबाहेर, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाकडे जाणाऱ्या वाटेवर गोजराबाईचा भाजीचा मळा होता. ती माहेरची कामरगावची. नवरा गुलाबराव मोट हाकायचा, वाफे धरायचा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, बाजारात नेऊन विकणं अन् सगळा व्यवहार पाहणं गोजराबाईकडे. तिच्याशी घासाघीस करायला भलेभले कचरत. गुलाबराव तर त्या फंदात कधी पडलाच नाही.

विहिरीला बरं पाणी लागलं त्या साली तिनं मळ्याच्या कडेला मातीच्या भिंतींच्या चार खोल्या बांधल्या. दिवाळीनंतर जिन सुरू झालं की मंगरुळाकडच्या तांड्यांवरून बंजारा कुटुंबं कामाला येत. त्यांना ती खोल्या भाड्यानं देई. खोल्यांना दार तेवढं होतं, खिडकी नव्हती. गोजराबाई म्हणे, "खिडकी म्हंजे चोराले दुसरं दार."

एका वर्षी हंगाम सुरू झाला अन् कमेटीची, म्हणजे नगरपालिकेची, दवंडी फिरली. मजुरांना खोल्या भाड्यानं देणाऱ्यानं परवाना काढावा, वर्षाची फी भरावी. साहेब येऊन खोल्या पाहतील.

"जागा माही, भिती माह्या, अन् परवानगी कमेटीची कायले?" गोजराबाई कडाडली.

शेजारचा हिरालालही मजूर ठेवी. त्यानं हळूच सुचवलं, "वयनी, भाड्याच्या खोल्या हायेत असं सांगूच नोका. म्हना, इथं कडबा ठेवतो."

साहेब आले तेव्हा मजूर जिनात गेले होते. गोजराबाई एका खोलीच्या बंद दारापुढे उभी राहून म्हणाली, "इथं कडबा रायते, साहेब."

आत तान्हं बाळ रडायला लागलं. खेमा नावाच्या मजुराची बायको मोतीबाई नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून कामाला गेली नव्हती.

"कडब्याला भूक लागलेली दिसते," साहेब म्हणाले.

गोजराबाईचा चेहरा पडला, मग तिला हसूच आलं. साहेब आत गेले अन् धुरानं पाणावलेले डोळे पुसत बाहेर आले. "बाई, फी भरणं सोपं आहे. पण खोलीला खिडकी अन् बाहेर सांडपाण्याची मोरी झाल्याशिवाय परवाना मिळायचा नाही. संक्रांतीनंतर पुन्हा येतो."

दिवेलागणीला मजूर परतले. गोजराबाईनं त्यांना गोळा केलं. "फी कमेटीची, मजुरी गवंड्याची. आता भाडं वाढवनं पडते."

खेमाची थोरली बहीण रुपाबाई पुढं झाली. विधवा बाई, जिभेची तिखट. "भाडं वाढवू नोको, माय. खिडक्या आमी काढून देतो. तांड्यावर आमची घरं कोन बांधते?"

"अन् भित पडली मंग?"

"पडली तं उभी करू."

"चोर आले तं?"

"आमच्या खोलीत चोराले भेटन काय? आमची दशा पाहून बिचारा आपलंच काही ठिऊन जाईन!"

सगळे हसले. ठरलं : भाडं तेच, लाकूड मालकिणीचं, मेहनत मजुरांची.

पुढच्या सुट्टीला गुलाबरावानं बाभळीच्या चौकटी करून दिल्या. खेमा पहारीनं भिंत फोडू लागला. मध्येच मातीचा मोठा लपका ढासळला, पण भिंत टिकली. बायकांनी कडा लिंपल्या. मोरीचं पाणी गुलाबरावानं केळीकडे वळवलं.

पहिली खिडकी झाली तशी गोजराबाई आत डोकावली. काजळलेल्या भिंती, कोपऱ्यातली चूल, तिच्या जवळच अंथरलेली गोधडी, सगळं तिला पहिल्यांदाच धड दिसलं.

"इतके दिवस अशा अंधारात रायल्या वं तुमी? मले सांगतलं काहून नाई?"

"तू इचारलं कुठं, माय?" मोतीबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. बाळाला उजेडात धरून ती त्याचं तोंड पाहत होती.

गोजराबाईनं घरात जाऊन बाळंतिणीसाठी डिंक अन् गूळ आणून दिला.

साहेब पुन्हा आले, खोल्या पाहून खूश झाले. कमेटीत फी भरताना गोजराबाईनं कारकुनाशीही थोडी घासाघीस करून पाहिली. "बाई, ही फी आहे, मेथी नव्हे," कारकून म्हणाला. ती हसत पैसे मोजून, परवाना पदरात बांधून घरी आली.

उन्हाळ्यात मजूर तांड्यावर गेले, खोल्या रिकाम्या पडल्या. गोजराबाई आता दुपारची मोतीबाईच्या खोलीत, खिडकीखाली जाऊन झोपू लागली. गुलाबरावाला म्हणे, "आपल्या घरात एवढा वारा कुठं!"

दिवाळीनंतर खेमा परत आला, तेव्हा गुलाबरावानं त्याला पहार देऊन सरळ आपल्या घराच्या मागच्या भिंतीशी नेऊन उभं केलं. त्या दिवशी मळ्यात रोडगे अन् वांग्याची भाजी झाली. खाटेवर बसून गोजराबाई, खिडकी आणखी वीतभर रुंद पाहिजे म्हणून, पोटभर भांडली.