शेवंताची पाठवणी

मोहफुलासाठी झाड हलवावं लागत नाही. सकाळी टोपली घेऊन गेलं की खाली सडा पडलेलाच असतो. किश्शांचंही तसंच. मी काही ते जमवत बसले नव्हते. चंद्रपूरच्या एका लहानशा प्राणीबागेत माझी उमर गेली, आणि जनावरं अन् माणसं एका कुंपणात ठेवली की किस्से आपोआप गळतात. कुंपणाच्या कोणत्या बाजूचे जास्त, ते मात्र विचारू नका. उत्तर आवडणार नाही.

मी पंचफुलाबाई. शाळेची पायरी चढले नाही. वाचायला शिकले ती बागेत केळी गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर. आधी अक्षरं, मग बातम्या, मग अग्रलेख. अग्रलेख समजायला लागले तेव्हा कळलं, की समजत नव्हते तेच बरं होतं. नोकरीला लागले झाडूवाली म्हणून. एके दिवशी बिबट्यांचा राखणदार घाबरून गावी निघून गेला आणि साहेबांनी विचारलं, आता मांस कोण टाकेल? सगळे पुरुष एकमेकांच्या चपला पाहू लागले. मी झाडू भिंतीला टेकवला.

ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरांत नवे नवे रंगीत टीव्ही आले होते, तेव्हाच्या या गोष्टी.

*

शेवंता आमच्याकडे आली ती एस.टी.नं. धानोऱ्याकडच्या जंगलात मोह वेचायला गेलेल्या बायांना अस्वलाचं पिल्लू सापडलं. आई कुठेच नाही. फॉरेस्ट गार्डनं ते पोत्यात घातलं, पोतं सीटखाली सरकवलं आणि कंडक्टरला सांगितलं, आरमोरीचा तांदूळ आहे.

गर्दी ओसरल्यावर कंडक्टर नेमका त्याच सीटवर येऊन बसला. उन्हाळ्याचे दिवस, त्यानं चपला काढून पाय मोकळे केले. थोड्या वेळानं तो अगदी शांतपणे गार्डला म्हणाला, "भाऊ, तुमचा तांदूळ माह्या पायाचा अंगठा चोखून राह्यला."

गार्ड म्हणाला, उपाशी असन.

बिचाऱ्यानं चंद्रपूरपर्यंत पाय हलवला नाही. काढला की तांदूळ रडायचा!

*

शेवंता हे नाव मी ठेवलं. साहेब म्हणाले, फुलाचं नाव अस्वलाला शोभत नाही. साहेब माणूस चांगला, पण विचार केल्याशिवाय बोलायची खोड होती.

मी म्हटलं, "साहेब, माह्या नावात तर पाच फुलं हायेत. मले शोभते का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, शेवंताकडे पाहिलं आणि फाइलीत सही करून टाकली.

*

जंगलाच्या मुलखात प्राणीबाग चालवणं म्हणजे नदीकाठी पाणी विकणं. खेड्यातून आलेला माणूस आमच्या पिंजऱ्यांपुढे थांबायचाच नाही. अस्वल? ते रोज मोहाखाली भेटते. बिबट? परवाच शेळी घेऊन गेला. तो माणूस जायचा थेट कारंज्यापाशी आणि कारंज्याकडे तासभर बघत बसायचा.

धानोऱ्याकडची एक म्हातारी एकदा बिबट्यापुढे मात्र थांबली. मी आत मांस टाकत होते. तिनं बराच वेळ पाहिलं, मग मला म्हणाली, "हा आमच्या गावात सोता येऊन नेते. तुमी याले बसल्या जागी आनून देता काऊन? बिघडवून टाकलं ना लेकराले."

उलट ऊर्जानगरचे लोक वीज केंद्राच्या बसमधून यायचे, डबे घेऊन, दुर्बिणी घेऊन. आमच्याकडे वाघ नव्हता, याचं त्यांना फार दुःख. एक बाई तर भांडायलाच उभ्या राहिल्या. इतक्या लांबून आलो, मुलं वाघ वाघ करून राहिली, आणि तुम्ही हरणं काय दाखवता?

मी म्हटलं, "बाई, वाघ पाहाचा असन तर बस सोडा अन् पायी घरी जा."

*

लोक शेवंताला दगड मारत. साहेबांनी पाटी लावली होती : 'कृपया प्राण्यांना इजा पोहोचवू नये.' त्या पाटीलाच सगळ्यात जास्त दगड लागले होते.

मी एक पत्रा घेतला, रंग घेतला आणि माझ्या हातानं लिहिलं : 'हे अस्वल आहे. यानं तुमचं काही बिघडवलेलं नाही. दगड मारणाऱ्याचं नाव त्याच्या बायकोला कळवण्यात येईल.'

दगड थांबले. लग्न न झालेली पोरंसुद्धा थांबली, ते का, मला आजवर कळलेलं नाही.

साहेब आधी चिडले. म्हणाले, सरकारी जागेत ही भाषा चालत नाही. पुढच्या आठवड्यात मला हळूच बोलावून ऑफिसच्या दारासाठी एक पाटी लिहून घेतली. काय लिहिलं ते सांगत नाही. पण ठेकेदार दारातूनच परत जायला लागले.

*

आता थोडं हसणं बाजूला ठेवून सांगते. शेवंता मोठी झाली, पिंजरा तेवढाच राहिला. मग ती मान डोलवायला लागली. गजांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिवसभर. लोकांना वाटायचं अस्वल नाचते. टाळ्या वाजवायचे. तिच्या पायाखालची फरशी एका रेषेत गुळगुळीत झाली होती. मी रात्रंदिवस साहेबांच्या मागे लागले, पिंजरा वाढवा. साहेब म्हणाले, पिंजरा वाढणार नाही बाई, पण एक स्थळ आहे.

मोठ्या शहरातल्या मोठ्या बागेनं अस्वलांसाठी नवीन जागा केली होती. तिथे एक नर एकटा होता, मादी हवी होती. शहराचं नाव घेत नाही, तिथले काही लोक अजून माझ्यावर रागावून आहेत.

मी म्हटलं, घर पाहिल्याशिवाय पोरगी देत नाही. आणि खरंच गेले पाहायला. सोबतीला मडावीभाऊ. मडावीभाऊ हरणांकडे असायचे, मूळचे धानोऱ्याकडचे गोंड. बोलायचे कमी. पण बोलले की ते वाक्य आठवडाभर बागेत फिरायचं.

*

ती बाग म्हणजे गावच होतं. तिथल्या म्हाताऱ्या व्यवस्थापकांनी आम्हाला हौसेनं फिरवलं आणि जन्मापासूनचा इतिहास सांगितला. कोण्या राजानं ती वसवली. पहिला सिंह जहाजातून आला. कोण्या मडमेला मोर आवडायचे म्हणून मोरांना कौलारू बंगला. एक हत्तीण होती, तिनं राजाच्या पाहुण्यांना पाठीवर फिरवलं, मग राज्य गेल्यावर तिकीट काढणाऱ्यांना फिरवलं.

मी विचारलं, हत्तिणीले पेन्शन लागली का नाही?

म्हातारा खमंग होता. "लागली ना. आता तिच्या पाठीवर फक्त बगळे बसतात, अन् तेही ओळखीचे."

तिथेच मला ती बाग आवडली, पण तोंडावर दाखवलं नाही. मुलीकडच्यांनी लगेच हसायचं नसतं.

सिंहापुढे मडावीभाऊ थबकले. सिंह त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो चारी पाय वर करून झोपला होता. व्यवस्थापक सांगत होते, की रानात शिकार बहुतेक सिंहीण करते, आणि हा आधी जेवतो.

मडावीभाऊंनी विचार केला. "मंग राजा हा काऊन?"

मी म्हटलं, "म्हनूनच."

*

अस्वलांची जागा पाहिली. खाली खरी माती. उकरायला ढिगारा, चढायला झाड, बसायला सावली. नर आमच्याकडे पाठ करून बसला होता. लाजाळू निघाला. तिथले डॉक्टर तरुण होते, माझ्या सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं देत होते. चिडतो का? नाही. खातो काय? फळं, भाकरी, मध. मोहफूल? ते म्हणाले, बाई, ते इकडे मिळत नाही.

मी सांगून टाकलं, हुंडा देणार नाही, पण मोहाचं पोतं पाठवत जाईन.

परतीच्या बसमध्ये मडावीभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. मीही. ठिकाण चांगलं होतं. वाईट असतं तर सोपं गेलं असतं.

*

ठरल्या दिवशी त्या बागेचा ट्रक आला, सोबत तेच तरुण डॉक्टर. त्यावर लांब लाकडी पेटारा, मधोमध लोखंडी जाळी : मागच्या भागात जनावर, पुढच्या भागात चारापाणी. मागून सरकतं दार, पुढून एक छोटं दार. पेटारा उतरवून पिंजऱ्याला लावला. डॉक्टरांनी शेवंताची छाती तपासायचा प्रयत्न केला, लांबूनच, तिचा श्वास ऐकत. हिवाळाभर ती खोकत होती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, गुंगीचं इंजेक्शन मी देणार नाही. झोपली तर उठेल याची खात्री नाही. स्वतःच्या पायानं आत गेली तरच नेतो. आज नाही गेली, तर ती जागा दुसऱ्या अस्वलाला जाईल, तिकडे दुसरी जोडी ठरत आली आहे.

म्हणजे आज पेटाऱ्यात, नाहीतर जन्मभर ती गुळगुळीत रेष.

मग सुरू झालं. पेटाऱ्यात केळी ठेवली, शेवंतानं पाहिलंच नाही. मध ठेवला, तिनं पुढचा एक पंजा आत टाकून हांडी बाहेर ओढली. मडावीभाऊंनी वारुळाचं ढेकूळ आणून आत ठेवलं. तिनं उंबऱ्यावरून तोंड लांब केलं आणि असा श्वास ओढला की वाळवी तिच्याकडे चालत आली, तिला जायची गरजच पडली नाही. डॉक्टर टोपी काढून पाहत राहिले. साहेबांनी तिला समजावून पाहिलं. चांगली दहा मिनिटं, शुद्ध मराठीत. ऐकता ऐकता ती आडवी झाली.

शेवटी मी पदर खोचला. पुढच्या छोट्या दारातून पेटाऱ्यात शिरले, जाळीजवळ बसले आणि म्हटलं, ये गं.

आली. जशी काही आपल्याच घरात. जाळीला पाठ लावून बसली, मडावीभाऊंनी मागचं दार सोडलं.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी बाहेर आले. आणि आतून असा आवाज आला, की मी तो लिहू शकत नाही. फळ्यांवर डोकं आपटत होती. मी परत आत. ती गप्प. मी बाहेर, पुन्हा तेच. नाकातून रक्त यायला लागलं.

डॉक्टर म्हणाले, अशी पोचणार नाही ती.

मी मडावीभाऊंना सांगितलं, माझ्या घरी निरोप द्या, अन् पाण्याचा लोटा आत द्या. साहेब म्हणाले, पंचफुलाबाई, हे नियमात नाही. मडावीभाऊ म्हणाले, "साहेब, नियमाले म्हना तू बस आत."

आणि ट्रक निघाला. पुढे ड्रायव्हर अन् डॉक्टर, मागे आम्ही दोघी. वरोरा गेलं, कापसाच्या गाड्या गेल्या, फटीतून ऊन यायचं अन् जायचं. जाळीतून तिनं नखांनी माझ्या लुगड्याचा काठ पकडला होता. मान डोलवत नव्हती.

शहराच्या तोंडाशी जकात नाका. ट्रक थांबला. कारकून विचारत होता, माल काय? ड्रायव्हर म्हणाला, अस्वल. कारकुनाला खोटं वाटलं. तो चाकावर चढला आणि फटीला डोळा लावला. आत मी, पोळी खात.

मी म्हटलं, "अस्वल मागच्या खोलीत हाये."

तो उतरला. डॉक्टरांशी काहीतरी बोलला. मग पुन्हा चढला. या वेळी अदबीनं, टोपी काढून.

"बाई, माल आत गेला की वापस किती येनार, ते लिहा लागते. तुमा दोघींतून वापस कोन येनार हाये?"

मी जाळीकडे पाहिलं. काठ अजून तिच्या नखात होता.

मी म्हटलं, "आत्ताच डोया लागला तिचा. उठली म्हंजे इचारून सांगते."