ठोकाकांचा दम

ठोकाकांचं खरं नाव ऑफिसात कुणी विचारलंच नाही. गोळीबाराच्या एका व्हिडिओ गेमचे चार भाग निघाले आणि चारही भागांतला प्रत्येक 'ठो' काकांनी काढलेला. कधी लोखंडी कपाटाचं दार आपटून, कधी पत्र्याच्या बादलीवर पट्टी मारून, कधी ओला टॉवेल फरशीवर झोडपून. बंदूक त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती. घरात झुरळ निघालं तरी काकूंना हाक मारायचे.

पाचव्या भागाऐवजी मालकांनी मोबाइलवरचा छोटा खेळ काढायचं ठरवलं. कंपनी म्हणजे तरी काय, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि चार माणसं. नायक तोच, पण बंदूक गायब. तो आपोआप पळत राहणार, आपण बोट टेकवलं की उडी मारणार, आणि कशावर आपटला की खेळ खलास. अख्ख्या खेळात एकही गोळी नाही! काकांचा चहा तसाच गार झाला. चोपन्नाव्या वर्षी दुसरीकडे कपाटं आपटायला कोण बोलावणार?

"पळण्याचे आवाज करून बघा," मालक म्हणाले. "जमलं तर तुमचं काम, नाही तर तयार आवाज मिळतात." आणि परगावी जाता जाता दारातून सांगून गेले, "पळण्यात दम पाहिजे बरं का!"

मालकांना म्हणायचं होतं जोर. पावलं अशी पडावीत की हातातला फोन थरथरला पाहिजे. पण काकांना एकच दम ठाऊक होता, जिना चढताना लागतो तो. तो त्यांच्याकडे भरपूर होता.

आठ दिवस हा माणूस छातीला माइक बांधून राहत्या इमारतीचे चार मजले पळत चढला आणि उतरला. दिवसाला वीस वेळा. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंना राहवेना. त्यांनी काकूंना गाठलंच.

"अहो, घरात काही बिनसलंय का? सारखे पळून जातात आणि परत येतात."

"निघतात हो जायला," काकू म्हणाल्या, "पण मजल दरमजल करत माझ्याच दाराशी येतात."

घरात मात्र काकू चिडल्या. "पायांचे खांब झालेत. सोडून द्या की!"

"सोडून काय करू? इथं बसून बादली वाजवू?"

मालक परतले, हेडफोन कानाला लावले. पावलं नावालाच होती. ऐकू येत होता तो श्वास. शिट्टीसारखा आत जाणारा, अडखळणारा, मध्येच 'आई गं' म्हणणारा.

"काका, ह्याला दमा झालाय का? चार भाग पलटणीच्या पलटणी लोळवल्यात ह्यानं!"

"तुम्हीच म्हणालात, दम पाहिजे."

मालकांनी कपाळावर हात मारला. प्रोग्राम लिहिणाऱ्या ताई खुर्चीतून पडायच्याच बाकी होत्या. काका हसले नाहीत. माइकची वायर गुंडाळायला लागले.

ताईंचं हसू ओसरलं. "थांबा हो काका. पळताना हा आवाज नको, ऐकणाराच गळून जाईल. पण आपटल्यावर?"

त्यांनी लगेच बसवून दाखवलं. नायक भिंतीवर आपटला, पडदा काळा झाला आणि त्या काळोखात तीन सेकंद नुसती काकांची धाप. मग 'पुन्हा पळा' असं बटण आलं. मालकांनी नायकाला तीनदा आपटवलं. चौथ्यांदा बटण दाबलंच नाही. चष्मा काढून डोळे चोळत बसले.

"एवढं राहू दे," ते म्हणाले. "पावलं तयार घेऊ. आणि काका, आता रोज येऊ नका. पुढचा खेळ निघाला की बोलावतो."

"बरं," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. खेळ ताईंनी त्यांच्या फोनवर घालून दिला होता.

"आठ दिवसांतले तीन सेकंद?" काकूंनी फोन ओढून घेतला. "बघू तरी!"

पहिल्याच खोक्यावर नायक आपटला. दुसऱ्यांदाही तिथंच.

"अगं, बोट टेकव, म्हणजे उडी मारेल."

"टेकवते की! हा मेला आधीच पळतो."

अकराव्या वेळी सल्ला आला नाही. काका खुर्चीतच मान टाकून झोपले होते. फोनमधले काका धापा टाकत होते. ते थांबले, बटण उगवलं, आणि ह्यांना पुन्हा पळवावं की नको, काकू बोट तसंच वर धरून बसल्या.