मनुकांचं पाणी

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी, सेम्बावांगला आले तेव्हा देवावर माझा भरवसा होता. नातीला हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं आणि तो डळमळला. देवाला हाक मारायची त्या घरात सोय नव्हती. जावई रशियाकडचे, जहाजाच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांचे वडील, म्हणजे माझे व्याही, पाद्री; तेही तिथेच राहायला आले होते. तिकडच्या सरकारला देव चालत नव्हता. व्याह्यांनी लपून प्रार्थना चालवली, म्हणून कैक वर्षं तुरुंगात डांबलं, बोटं मोडली. तेव्हा तिकडे शाळेत लहानग्या जावयांना उभं करून ‘पाद्र्याचा पोरगा’ म्हणून हसायचे. जावयांचा तो राग गेला नव्हता. फ्लॅटमध्ये कुणाचाच देव नको, असं त्यांनी बजावलं होतं. माझा अंगारा पिशवीतच राहिला.

एका सकाळी ओट्यावर ग्लासात मनुका भिजलेल्या दिसल्या. बाळंतिणीसाठीच असणार, म्हणून कुस्करून पाण्यासकट लेकीला दिल्या. व्याही ग्लास शोधू लागले. लेकीने विचारून सांगितलं, त्यांच्या पूजेला पाव आणि द्राक्षाचा रस लागतो, तुरुंगात तो रस मिळत नसे, म्हणून मनुकांच्या पाण्यावरच ते पूजा करायचे. आज नातीसाठी करणार होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र हसले. लेकीने अर्थ सांगितला, “म्हणतात, तिकडे पहारेकरी प्यायचा, इथे सून प्यायली. देवाची बढती झाली, विहीणबाई.”

व्याह्यांनी मनुका घालून ठेवलेला दुसरा ग्लास जावयांनी पाहिला आणि सिंकमध्ये ओतला. “याच्यापायी मला सोडून गेलात. काय दिलं त्याने तुम्हाला?” लेकीने मला मागून अर्थ सांगितला. नात गेली.

हॉस्पिटलातून परतल्यावर त्यांनी पुन्हा मनुका भिजवल्या. आता कुणासाठी, असं माझ्या मनात कडवट आलं. त्यांनी मनुका चमच्याने वेचून वाटीत काढल्या आणि लेकीच्या खोलीकडे खूण केली. बाळ नव्हतं, पण बाळंतीण होती. स्वतःसाठी नुसतं पाणी ठेवलं, पावाचा तुकडा घेतला. प्रार्थना म्हणताना ग्लास उचलेना, बोटं मिटत नव्हती. जावई दारात उभे. आता ओतणार, असं वाटलं. ते पुढे आले आणि प्रार्थना संपेपर्यंत ग्लास खालून धरून राहिले. मान मात्र झुकवली नाही.

मागितलं ते मिळालं नाही. तो कडूपणा आहे, आणि तो राहील. पण त्या स्वयंपाकघरात कुणीतरी आलं होतं, एवढं मला कळलं, त्याचे उपकार मानते. अंगारा तसाच परत आणला. आता देवापुढे उभी राहते, मागत काही नाही. हात जोडते तेव्हा ती न मिटणारी बोटं आठवतात.