गंगम्मा आणि सरकारी वळू

गंगम्मा दारात दिसली की माझ्या कपाळाला आठी पडायची. मी काही फार गुणी माणूस नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. तालुक्याच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी मुन्शी होतो. काम एवढंच, उर्दूत कागद लिहायचे आणि चहा गार व्हायच्या आत प्यायचा. आणि ही बाई जळकोटच्या पुढच्या चिंचवळहून दर आठवड्याला पायी यायची. पायाला भिंगरी लागलेली. बसा म्हटलं तर बसायची नाही, उभ्यानंच विचारायची, "मुन्शीसाब, मपल्या अर्जीचं काय झालं?"

अर्जी वळूची होती. दोन वर्षांपूर्वी बुळकांडीची साथ आली आणि चिंचवळची निम्म्याहून जास्त जनावरं आठ दिवसांत गेली. पेरणीच्या दिवसांत रानं नुसती पडून राहू लागली. तरणी माणसं लातूरच्या गंजात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायला निघून गेली. त्यात गंगम्माचा एकुलता एक शिवमूर्तीही होता. नवरा आधीच वारलेला. निघताना पोरगा म्हणाला होता, "गोठ्यात जोडी उभी राहिली की येतो, आव्वा." एवढ्या शब्दावर बाई जगत होती.

सरकारची तेव्हा एक नवी योजना होती. चांगल्या वाणाचा वळू गावाला फुकट द्यायचा, गावानं त्याला पोसायचं. वर्षात बारा गायी गाभण राहिल्या तर वळू गावाचा, नाही तर परत. हे तिला कुठून कळलं देव जाणे. वीस घरांचे अंगठे घेऊन ती आली होती, आणि मंजुरी येईपर्यंत तिनं माझा जीव खाल्ला.

तेव्हाच्या सरकारी फसली सनाप्रमाणं तेराशे पंचेचाळीसच्या श्रावणात वळू आला. देवणी, पांढराशुभ्र, तोंडावर काळी झाक. गंगम्मानं स्वतः दावं धरलं आणि तशीच चालू लागली. मला वाटलं, सुटलो बुवा!

माघात आमचे सलोत्री, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, वळूच्या मुआयन्याला, तपासणीला निघाले. मी कागद घेऊन मागं. चिंचवळला पोचलो तर वळू महादेवाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर बसलेला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात झेंडूची माळ आणि पुढ्यात पत्रावळीवर पुरणपोळी. पोट असं सुटलेलं की उठताना त्याला धाप लागली.

"ये वळू है या जागीरदार?" सलोत्रीसाहेब म्हणाले. मी हसलो. हसण्यासारखंच होतं.

झालं होतं असं. गाव सगळं लिंगायतांचं, वळू आला तो नेमका श्रावणी सोमवारी. दारात नंदी आला म्हणून गंगम्मानंच पहिली विभूती लावली. मग कुणी गूळ आणला, कुणी पेंड आणली. महिन्याभरात तो देवच झाला, आणि देवाला गायीकडं न्यायचं कोण बोलणार? गाभण गायींच्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

"छे महीने बाकी हैं," साहेबांनी सांगितलं. "बारा गायी नाही झाल्या तर वळू परत नेऊ."

जमलेले गावकरी पाय ओढत घरी गेले. गंगम्मा तिथंच येरझाऱ्या घालत होती. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "चूक मपलीच हाय, मुन्शीसाब. म्याच त्येला देव केला." माझं मघाचं हसू मला नको झालं.

दुसऱ्या दिवशी फटफटताच तिनं वळूचं दावं सोडलं. आम्ही चावडीतच मुक्कामाला होतो, त्यामुळं पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. गावचा वसुली बघणारा माली पाटील धोंडप्पा आडवा आला. तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट नाही असा माणूस.

"गंगम्मा, लाज हाय का न्हाई? देवाला गोठ्यात नेती?"

"देव आत पिंडीत हाय, पाटील. ह्यो जनावर हाय. बसून बसून मरून राहिलाय."

"गावाला पाप लागंल."

"अन् पोरं गावाबाहेर पोती उचलून राहिली, त्येचं पुन्य लागतंय व्हय?"

धोंडप्पाचीही दोन पोरं लातुरातच होती. तो वाटेतून बाजूला झाला, पण तोंड फिरवून.

पुढं दोन महिने ती त्या वळूला तिरू नदीपर्यंत चालवत नेई आणि परत आणी. ऊन तापलं तरी खाडा नाही. पुरणपोळी बंद, कडबा आणि पाणी. बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पाणवठ्यावर घागर भरायला गेली की बाकीच्या बाजूला सरकायच्या. देव बाटवला म्हणून कुणीतरी तिच्या दारात विभूती सांडून ठेवली. हे सगळं ती दवाखान्यात येऊन मला सांगायची, उभ्यानंच, आणि मी आता तिच्यासाठी चहा सांगू लागलो होतो. तो ती घ्यायची नाही. लिंगायताची बाई, माझ्यासारख्या ब्राह्मणाचा चहा, सरकारी कप. तिघांचंही जमत नव्हतं.

वळू हलका झाला तशी ती पहिल्यांदा त्याला स्वतःच्या गायीकडं घेऊन गेली. मग धोंडप्पाची गाय माजावर आली. रात्रभर ओरडली म्हणे. सकाळी पाटील स्वतः येऊन दारात उभा राहिला आणि घसा खाकरत म्हणाला, "आणतीस का... त्येला?"

तिनं लगेच हो म्हटलं नाही. आधी गाव देवळात गोळा करायला लावलं. प्रत्येकाकडून गळ्यातल्या लिंगाला हात लावून बोल घेतला की झालेला गोऱ्हा बैल होईपर्यंत विकायचा नाही, आणि ज्याच्याकडं एकच बैल, त्यानं शेजाऱ्याच्या एकाशी जुंपून दोघांची रानं करायची. सावड आपल्याकडं जुनीच. पण ती दोन घरांत असते, हिनं अख्ख्या गावाची एक सावड बांधली. श्रावणात आम्ही परत गेलो तेव्हा मी रकान्यात चौदा लिहिलं. तो आकडा मी आनंदानं दोनदा गिरवला, खोटं कशाला बोलू?

गोऱ्ह्याचा बैल व्हायला साडेतीन वर्षं लागतात, पण थांबणं गंगम्माच्या स्वभावात नव्हतं. दर महिन्याला लातूरच्या गाडीवानांबरोबर ती निरोप धाडायची. तिसऱ्या वर्षी उत्तर आलं की शिवमूर्ती गंजात नाही, एका बैलांच्या व्यापाऱ्याकडं आहे, बाजार-बाजार फिरतो. एवढंच. चिंचवळची दुसरी पोरं एकेक करून परतली, धोंडप्पाचीही. तिचा तेवढा आला नाही.

तेराशे एक्कावन्नच्या मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेत माझी तंबूतल्या दवाखान्यात नेमणूक झाली. तिथं ती दिसली. चिंचवळनं गावाला पुरून उरलेली एक जोडी विकायला आणली होती, पण गंगम्माची जोडी कडब्याच्या गाडीला जुंपलेली होती. एक बैल तिचा, एक धोंडप्पानं सावडीतून तिला कायमचा दिलेला. दोन्ही बापाच्या, त्या वळूच्या, तोंडावर गेलेले.

"पोराला हुडकत औंदाची तिसरी जत्रा ही," ती म्हणाली. तिचे पाय सुजलेले होते. "जोडी उभी राहिली, मुन्शीसाब. पोरगं कुटं हाय?"

तेवढ्यात एक जाडा व्यापारी गाडीपाशी थांबला, बैलांच्या खांद्यांवरून हात फिरवला आणि मागं वळून ओरडला, "आरं, ह्या बाईला भाव इचार!"

मागून जो माणूस पुढं आला तो तिला बघून जागीच थिजला. दाढी वाढलेली, अंगात मालकाचा जुना कोट. तो मान खाली घालून उभा राहिला. रिकाम्या हातानं परत यायची त्याला लाज वाटत होती, हे कुणीही ओळखलं असतं. व्यापाऱ्याची घाई चालू होती, म्हणून शिवमूर्तीनं सवयीनं उपरणं पसरलं. बैलांचा सौदा तोंडानं होत नाही. कापडाखाली हातात हात घालून बोटांनी भाव सांगतात.

गंगम्मानं कापडाखाली हात घातला.

कापड हलत नव्हतं.

"किती म्हन्ती?" व्यापारी खेकसला.

"इकायची न्हाई म्हन्ती," शिवमूर्ती म्हणाला.

"मग हात सोड की!"

उपरणं घसरून खाली पडलं. आईनं त्याच्या मुठीत बैलांचा कासरा दिला होता आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी ती मूठ दाबून धरली होती. मला रडू आलं.

व्यापारी कुरकुरत पुढच्या गाडीकडं गेला. शिवमूर्ती त्याच्यामागं गेला नाही. मग गंगम्मा गाडीच्या चाकाला टेकून खाली बसली आणि मला म्हणाली, "मुन्शीसाब, वाईच पानी द्या."