डोमाभाऊंचं पाण्यातलं घड्याळ

डोमाभाऊ आमच्या घरी आले की बसण्याआधी खुर्ची हलवून बघत. ती चारही पायांवर नीट उभी आहे अशी खात्री झाली तरी बसताना एक हात भिंतीला टेकलेला असे. चहा समोर आला की मी पहिला घोट घेईपर्यंत थांबत. बुद्धपौर्णिमेची खीर माझी आई त्यांच्याकडे स्वतः घेऊन जाई, तर तिलाही म्हणत, "बाई, तुमच्यावर भरोसा आहे. दुधवाल्यावर नाई." आईला कधी राग आला नाही. तळ न दिसणाऱ्या पाण्यात रोज पाय टाकणारा माणूस दुसरा कसा असेल, असं ती म्हणायची.

ऊर्जानगरच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या क्वार्टरांत त्यांची आणि आमची भिंत एक होती. मी शाळेत मराठी शिकवत होतो, ते पंपहाऊसवर होते. पाणी जिथून ओढलं जाई तिथल्या लोखंडी जाळीत पावसाळ्यात वेली, मुळ्या, कुजका पाला अडकायचा आणि तो पाण्याखाली जाऊन हातानंच मोकळा करावा लागे. डोमाभाऊ ब्रह्मपुरीकडच्या ढिवरांच्या घरचे. गावच्या तलावात मासोळ्या धरता धरता बुडी मारायला शिकलेले, आणि त्याच कसबावर नोकरीला लागलेले. पंप बंद झाला की पंपाच्या खोलीला ते स्वतः कुलूप लावत आणि किल्ली करदोट्याला बांधूनच पाण्यात उतरत. साहेबांनी एकदा विचारलं, आमच्यावर विश्वास नाही का? "तुमच्यावर आहे जी," ते म्हणाले, "पण बटन तं कोणाच्याही बोटानं दबते."

त्यांच्या कमरेला दोर असे. दोराचं दुसरं टोक काठावर लखमाच्या हातात. लखमा म्हणजे त्यांचा साळा, त्यांच्या बायकोचा, कौसाबाईंचा, धाकटा भाऊ. त्यांच्या गावची रीत अशी होती की बुडी मारणाऱ्यानं श्वास धरला की दोर धरणाऱ्यानंही धरायचा. काठावरच्याचा जीव घुसमटला की त्यानं दोराला हिसका द्यायचा, आणि खालच्यानं हातातलं काम टाकून वर यायचं. खाली कामाच्या नादात भान राहत नाही. काठावरच्याला दुसरं काम नसतं, म्हणून ते त्यानं सांभाळायचं. दोर धरायला मुद्दाम कमी दमाचा माणूस घेत. लखमा अंगानं किरकोळ, जिना चढला तरी धापा टाकणारा. या कामाला त्याच्याइतका योग्य माणूस नव्हता.

एका पावसाळ्यात डोमाभाऊ वर आले ते काळेनिळे ओठ घेऊन. काठावर पालथे पडून पाणी ओकले. शुद्धीवर आल्यावर लखमाकडे बघून म्हणाले, "तू श्वास घेतला."

लखमानं आईची शपथ घेतली.

"शपथ तोंडानं घेतली," डोमाभाऊ म्हणाले, "श्वास नाकानं घेतला असशीन."

त्या दिवसापासून लखमाच्या घरचं पाणीही त्यांनी घेतलं नाही. कौसाबाई भावाकडे जाऊन आल्या की तिकडे काय बोलणं झालं, याची चौकशी होई. आणि गंमत अशी, की दोर मात्र लखमाच्याच हातात राहिला, कारण बाकीच्या जगावर त्यांचा त्याहून कमी भरोसा होता. कसाबसा तो मोसम निघाला. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांना एकच गोष्ट ठरवायची होती, आपला जीव या माणसाच्या हातात द्यायचा की नाही. त्यासाठी त्यांना असं घड्याळ हवं होतं, जे पाण्याखाली स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल.

घड्याळ घ्यायला ते मला चंद्रपूरला घेऊन गेले, मागचं इंग्रजी वाचायला. दुकानात एक मोठं थोरलं विलायती घड्याळ कपाटात बरेच दिवस पडून होतं. काळी तबकडी, जाड काच, रबराचा पट्टा, तबकडीभोवती फिरणारं कडं. साध्या मनगटावर ते ताटलीसारखं दिसलं असतं. किंमत ऐकून डोमाभाऊ मागे सरकले.

"एवढं मोठं अन् एवढं सस्तं काऊन?"

"एवढं मोठं कोणाले पाह्यजे, भाऊ?" दुकानदार म्हणाला. "लग्नात देता येत नाई, हापिसात घालता येत नाई. बाहीखाली जात नाई."

त्यांना हे पटलं नाही. मागच्या झाकणावरची अक्षरं मी वाचली, मग शेजारच्या कापडाच्या दुकानातल्या मुनीमाकडून त्यांनी तीच पुन्हा वाचून घेतली. दोघांचं जुळल्यावर ते चावीकडे वळले. ती नुसती दाबून बसत नव्हती, आट्यांवर फिरवून घट्ट करायची होती. ती त्यांनी इतक्या वेळा उघडली आणि लावली, की दुकानदारानं हात पुढे करून थांबवलं. मग काटे अंधारात चमकतात हे बघायचं होतं. भर दुपारी त्यांनी त्याला शटर खाली ओढायला लावलं. आम्ही तिघे आत उकडत उभे, काळोखात हिरवे काटे, आणि बाहेर कोणीतरी विचारतंय, शेटजींच्या घरी काही झालं का.

शटर वर गेल्यावर घामेजलेल्या दुकानदारानं कड्याचं सांगितलं. ते एकाच दिशेनं फिरतं. कड्यावरची खूण जिथं लावाल तिथून धक्का लागून सरकली, तर मागेच सरकणार, पुढे जाणार नाही. माणूस पाण्यातून वेळेआधी वर येईल, वेळेनंतर नाही.

डोमाभाऊंनी कडं फिरवून बघितलं. उलट फिरवायचा जोर लावून बघितला. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

"म्हणजे हे आपल्यावानीच शंकेखोर आहे," ते म्हणाले, आणि घड्याळ घेतलं.

घरी आल्यावर घड्याळाची खरी परीक्षा सुरू झाली. ते पाण्याच्या हंड्यात राहिलं. मग जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांसोबत बांधून गावच्या तलावात तळाशी राहिलं. काढल्यावर ते काचेच्या आत वाफ शोधत. रेडिओच्या वेळेशी ते ताडून झालं, केंद्राच्या भोंग्याशी ताडून झालं. भोंगा आणि रेडिओ एकमेकांशी जुळत नाहीत असं लक्षात आल्यावर त्यांनी घड्याळाला सोडलं आणि भोंगेवाल्याकडे चौकशीला गेले. कौसाबाई माझ्या आईला म्हणाल्या, "लग्नाआधी मले एवढं पाह्यलं असतं, तं मले बायको केलंच नसतं."

घड्याळ खरं ठरल्यावर पाळी लखमाची. एका रविवारी त्याला अंगणात पाटावर बसवलं. साक्षीदार मी. लखमानं तोंड मिटायचं, मी त्याचं नाक चिमटीत धरायचं आणि डोमाभाऊंनी घड्याळ बघायचं. आयुष्यात मला इतकं संकोचल्यासारखं कधी झालं नव्हतं. लखमाचे डोळे माझ्यावर होते आणि त्यात राग नव्हता, कंटाळा होता. सेकंदकाटा एक फेरा करून पुढे निघाला तेव्हा त्यानं माझा हात झटकला. डोमाभाऊंनी कड्याची खूण बरोबर त्या जागी आणली. आता काट्यानं दुसऱ्यांदा ही खूण गाठायच्या आत हिसका आला तर लखमा खरा, नाही तर खोटा.

"पाण्यातही माझं नाक धराले मास्तरले न्या, भाऊजी," लखमा उठता उठता म्हणाला.

पावसाळा आला. पहिल्या बुडीला डोमाभाऊ घड्याळ नाकाशी धरून खाली बसले. हिसका खुणेच्या आधी आला. दुसऱ्या बुडीला आला, तिसऱ्यालाही. लखमा एकदाही चुकला नाही. पण डोमाभाऊ मला संध्याकाळी भिंतीपलीकडून सांगत, ते आनंदानं नाही. हिसका येतो त्याच्या बराच आधी आपली छाती फाटायला लागते, असं ते म्हणत. याचा अर्थ त्यांनी आपल्या परीनं लावला होता.

"पाण्यात हे घड्याळ हळू चालून राह्यलं, मास्तर. वर आणलं का बराबर चालते. चोर साला."

मी म्हणालो, असं होत नसतं. ते म्हणाले, तुम्ही कधी पाण्यात उतरले का?

मग एका संध्याकाळी ते घड्याळ काढून हातात घेऊन आले. खुर्ची हलवून न बघता बसले. तेव्हाच मला काहीतरी वेगळं जाणवलं.

"माह्यं नाक धरा," ते म्हणाले.

मी धरलं. दुसऱ्या हातात घड्याळ. काट्याचा पहिला फेरा पुरा व्हायच्या आतच त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या आणि त्यांनी माझं मनगट पकडून खाली ओढलं. खूण अजून लांब होती. थोडं थांबून म्हणाले, आणखी एकदा. दुसऱ्यांदा ते त्याहून अलीकडेच थांबले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली.

ते घड्याळाकडे बघत राहिले. बिडी काढली, हातात फिरवली आणि परत ठेवली.

"घड्याळ बराबर आहे," ते म्हणाले. "लखमाही."

लखमाची माफी त्यांनी मागितली की नाही, मला माहीत नाही. मागितली नसणार. पण दुसऱ्या दिवशी ते त्याच्या घरी जेवायला गेले, आणि कौसाबाईंनी आईला सांगितलं, की पानात पडलेलं सगळं त्यांनी न हुंगता खाल्लं. घड्याळ त्यांनी लखमाच्या मनगटावर बांधलं. ते त्याच्या हातावर इतकं मोठं झालं, की पट्ट्याला नवीन भोक पाडूनही कोपरापर्यंत घसरायचं. कड्याची खूण त्यांनी स्वतः मागे घेतली, आपल्या आताच्या दमाइतकी. आता लखमाला श्वास धरायची गरज नव्हती, नुसतं बघून हिसका दिला की झालं. दर पावसाळ्याआधी अंगणात माझ्या चिमटीत त्यांचं नाक असे, आणि दर वेळी खूण थोडी आणखी मागे जाई. कडं त्याच बाजूनं फिरत होतं. एका वर्षी त्यांनी माझ्याकडे नाक पुढे केलंच नाही, आणि बुडीचं काम दुसऱ्या कोणाकडे गेलं.

त्यांना न्यायला छातीचा आजारच आला. शेवटच्या दुपारी मी तिथं होतो. कौसाबाई डोक्याशी, लखमा खाटेच्या काठावर, डोमाभाऊंचा हात हातात घेऊन. मनगटावर ते घड्याळ होतं, पण लखमा त्याच्याकडे बघत नव्हता. डोमाभाऊंच्या दोन श्वासांत अंतर पडत चाललं होतं. बराच वेळ मी त्यांच्याच छातीकडे बघत होतो. मग लखमाकडे नजर गेली. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, नाकपुड्या हलत नव्हत्या आणि गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मला वाटतं, आपण काय करतो आहोत हे त्यालाही ठाऊक नसावं.

डोमाभाऊंची छाती वर आली नाही. लखमा थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ओठ काळवंडले, तरी तो थांबला. मग सहन होईना तेव्हा त्यानं डोमाभाऊंच्या हाताला एक जोराचा हिसका दिला.