एका बाजूचा काळा धागा

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला चिखलीच्या आमच्या दुकानात कळलं. दुकान कसलं, चार पावलांची खोली. महाराष्ट्र नुकता झाला होता आणि आपणही काही करून दाखवावं, अशी हवा माझ्या डोक्यात शिरली होती. आमच्या उंद्रीकडच्या कोष्ट्यांची लुगडी अडत्याच्या घशात न घालता आपणच विकायची, म्हणजे त्यांचे माग चालू राहतील, असं मी आणि माझ्या शाळेपासूनच्या दोस्तानं ठरवलं. घरचे म्हणाले, वांग्याच्या वाफ्यात पाणी कोण सोडणार? मी ऐकलं नाही. ऐकून घेण्याचा माझा स्वभावच नाही.

आमचा सगळा भरवसा एका म्हाताऱ्या विणकरावर होता. मी त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या घरचा लाल काठ बाया लांबून ओळखायच्या. त्या काठात, एकाच बाजूला, ते एक काळा धागा घालत. लुगड्याला दृष्ट लागू नये म्हणून, बाळाला तीट लावतात तसा. नवं गिऱ्हाईक म्हणायचं, "इथं चुकलं वाटते." मग मी रंगात येऊन सगळं समजावून सांगायचो.

एक दिवस दोस्त म्हणाला, "मुंबईकडच्या दुकानदारांले दाखवतो, नमुन्याले एक लुगडं आन." काका द्यायला तयार नव्हते. "नमुना बाहेर गेला का काठ गेला, बाप्पा," म्हणाले. मी त्यांच्याशी वाद घातला. तो मला सख्ख्या भावासारखा आहे, असं छातीठोकपणे सांगून लुगडं घेऊन आलो.

काही महिन्यांनी बीबी गावच्या बाजारात एका पालात तोच काठ दिसला. यंत्रमागाच्या लुगड्यांचा ढीगच्या ढीग. मी एकेक उलगडून पाहिलं. प्रत्येकात, एकाच बाजूला, काळा धागा. नक्कल करणाऱ्याला तो कशासाठी हे कळलंच नव्हतं, दिसला तसा उतरवला होता. पालवाला वैतागला, "घ्याचं हाये का नुसतं पाह्याचं?"

दुकानात येऊन दोस्ताला विचारलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "देला नमुना यंत्रमागवाल्याले. तुह्या काकाच्या मागावर आठवड्याले दोन लुगडे निघतात. त्याच्यात आपलं दुकान कसं चालन बे?" त्या 'आपलं'नं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन ठेवून दिल्या. त्यानं उलटून हात उचलला नाही, याचाही मला राग आला.

तसाच काकांकडे गेलो, सांगायला. ते अंगणात नवा ताणा पसरून त्याला खळ लावत होते. दिवाळीसाठी मीच मागितलेल्या लुगड्यांचे उभे धागे, काठाच्या लालसकट. ताणा एकदा मागावर चढला की काठ बदलता येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. "काऊन रे, तोंड उतरलं?" त्यांनी विचारलं. "ऊन लागलं," मी म्हणालो. कोणत्या तोंडानं सांगणार होतो? काहीतरी मार्ग काढू आणि मग सांगू, असं मनाशी म्हणत पंधरा दिवस घालवले. मार्गबिर्ग काही नव्हता. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

शेवटी बाजारात त्यांनी स्वतःच पाहिलं. हे कळलं तसा मी धावत गेलो. ते मागापाशी नुसते बसले होते, लुगडं अर्धं विणलेलं. मी दोस्ताला तोंडाला येईल ते बोललो. त्यानं दोघांनाही फसवलं, असं तीनतीनदा सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याले मी वळखत नाही," ते म्हणाले. "लुगडं तुह्या हाती देलं व्हतं. ताणा लावून राह्यलो व्हतो, तवा तुले मालूम व्हतं का?"

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी धोटा हातात घेतला, पण चालवला नाही.

"हे लुगडे उतरले का अडत्याले देतो," ते म्हणाले. "तो लुबाडते, पन तोंडावर लुबाडते."